डबा उघडून जेवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी कचेरीतून घरी आलो, तर आठवीत शिकणारी माझी मुलगी तोंड पाडून बसली होती. तिचा शाळेचा डबा ओट्यावर भरलेलाच होता. दीड भाकरी आणि सुकटीची चटणी, जशी सकाळी भरली तशीच. पत्नीने विचारले, "बरं वाटत नाही का?" मुलगी म्हणाली, "बरी आहे मी. पण उद्यापासून मला पोळी आणि बटाट्याची भाजी दे. भाकरी नको, आणि सुकट तर अजिबात नको."

बऱ्याच वेळाने कारण कळले. मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला तेव्हा शेजारच्या मुलीने नाकाला रुमाल लावला. दुसरी म्हणाली, "शी, कसला वास येतोय!" मग दोघी आपापले डबे उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. कोणी जात काढली नाही, कोणी शिवी दिली नाही. दोन मुली फक्त उठून गेल्या. आपल्या घरांमध्ये याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, तिथेच लसूण सोलत बसली होती. तिने सगळे ऐकले. "लेकराला रागं भरू नका," एवढेच ती म्हणाली. मग तिने तो डबा आपल्यापुढे ओढला आणि सकाळची ती भाकरी सावकाश खाल्ली.

मी पडलो कार्यकर्ता. वीस वर्षे विहारात, वस्तीत, जयंतीच्या मांडवात स्वाभिमानावर बोलत आलो आहे. साहजिकच मी मुलीला चार गोष्टी सांगायला सुरुवात केली. आपल्या अन्नाची लाज बाळगू नये, आपण कोणापेक्षा कमी नाही, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पप्पा, मग तुम्ही तरी सुकट-भाकरी ऑफिसला कुठे नेता?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

वीस वर्षांचा बटाटा

नोकरीला लागलो त्या पहिल्या महिन्यातच मी घरी सांगून ठेवले होते, "डब्यात वास येणारे काही देऊ नका." तेव्हापासून माझ्या डब्यात पोळी आणि बटाटा, पोळी आणि मटकी, पोळी आणि कोबी. कचेरीतल्या कोणीही मला तसे करायला सांगितले नव्हते. मीच सांगून घेतले होते. जेवणाच्या टेबलावर कोणाची भुवई वर जाऊ नये, म्हणून मी आधीच माझा डबा कापून-छाटून घेतला होता.

त्याचे मूळ आणखी मागे आहे. आमचे गाव बीड जिल्ह्यात. १९९२-९३ साली मी तालुक्याच्या शाळेत सातवीत होतो. माय पहाटे उठून भाकरी थापायची आणि फडक्यात बांधून द्यायची. सोबत कधी ठेचा, कधी सुकट, पावसाळ्यात तांदूळजा किंवा घोळीची भाजी. वर्गातली बरीच मुले पोळ्या आणायची, त्यांना तुपाचा वास यायचा. मी फडक्याचे टोक वर धरून आडोसा करायचो आणि मान खाली घालून घास गिळायचो. पुढे पुढे तेही नकोसे झाले. शाळेच्या मागे एक कुत्रे असायचे. कितीतरी दिवस मायने थापलेली भाकरी मी त्या कुत्र्याला घातली आणि घरी येऊन सांगितले, "जेवलो."

हे मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. त्या रात्री मुलगी झोपल्यावर मायजवळ बसलो आणि सांगून टाकले. वाटले, म्हातारीला वाईट वाटेल. ती म्हणाली, "मला ठावं होतं की. पोटभर जेवलेलं लेकरू घरात पाय ठेवायच्या आधी भाकर मागतं व्हय?"

मग तिने जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. आठवीत गेल्यावर माझ्या डब्यात आठवड्यातून तीन दिवस पोळी येऊ लागली होती. मला वाटले होते, घरची परिस्थिती सुधारली. परिस्थिती सुधारली नव्हती. आपल्या खुरपणीच्या रोजावर माय संध्याकाळी दुसऱ्याच्या मळ्यात आणखी दोन तास काम करायची आणि त्या पैशांत गहू आणायची. मला लाज वाटते हे तिने ओळखले होते, आणि माझ्या लाजेची किंमत तिने आपल्या पाठीने मोजली होती. "माझ्याच हातचं कायतरी कमी पडतंय, आसं वाटायचं," ती म्हणाली.

तीस वर्षे ती बाई असे समजत होती की कमी तिच्या भाकरीत आहे.

चुन्दाची गोष्ट

मला त्या वेळी चुन्दाची आठवण झाली. पाली 'महापरिनिब्बान सुत्ता'त ही कथा आहे. चुन्द हा धातूचे काम करणारा कारागीर. त्याने भगवान बुद्धांना आणि भिक्खूसंघाला जेवण दिले. ते जेवण भगवंतांचे अखेरचे ठरले. त्यानंतर त्यांना कठीण आजार झाला. अशा अवस्थेतही त्यांना काळजी होती ती चुन्दाची. लोक त्याला दोष देतील, तोही स्वतःला दोष देत बसेल, म्हणून त्यांनी आनंदाला सांगून ठेवले की चुन्दाच्या मनात पश्चात्ताप राहू देऊ नकोस. संबोधीपूर्वीचे भोजन आणि हे अखेरचे भोजन, दोन्हींचे पुण्य सारखेच, असे त्याला सांग. संबोधीपूर्वीचे भोजन म्हणजे सुजाताची खीर, असे आपण मानतो.

एका कारागिराच्या हातचे अन्न आणि खीर एकाच मापाने मोजणारा आपला शास्ता. रांधणाऱ्याच्या मनाला बोच लागू नये, ही त्याची शेवटच्या दिवसांतली काळजी. आणि त्याचा उपासक म्हणवणाऱ्या मी माझ्या मायच्या मनाला तीस वर्षे बोच लावून ठेवली होती. मुलीला उपदेश करण्याआधी मला हे कर्ज फेडायचे होते.

ज्वारीला लाटणे चालत नाही

पुढच्या रविवारी मी मायला म्हणालो, "मला भाकरी शिकव." पत्नी हसली. मुलगी मोबाइल बाजूला ठेवून बघायला आली.

मी परातीत पीठ घेतले आणि नळाचे पाणी ओतायला निघालो. माय ओरडली, "आधण कुठंय?" पाणी उकळून घेतले. तिने पिठात आळे करून त्यात आधण ओतले, उलथण्याने कालवले आणि सोसवेल एवढे गरम असतानाच तळहाताच्या टाचेने मळायला लावले. गोळा हातावर घेऊन मी थापू लागलो तर कडा फुटू लागल्या. मी वैतागून पोळपाट-लाटणे घेतले. दोनदा लाटणे फिरवताच भाकरीचे तीन तुकडे झाले.

माय म्हणाली, "जवारीला लाटणं चालत न्हाई, बाबा. ती काय गहू हाय? तिला हात लागतो."

यामागचे कारण साधे आहे. गव्हात ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन असते. त्यामुळे कणीक ताणली जाते, लाटली जाते. ज्वारीत ते नसते. म्हणून तिला उकळते पाणी लागते. आधणाने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, त्यानेच गोळा बांधला जातो. पीठही ताजे लागते. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी चिरतेच. ज्वारी कमी दर्जाची म्हणून लाटता येत नाही असे नाही. तिचा स्वभाव वेगळा, तिची रीत वेगळी. गव्हाच्या रीतीने वागवली तर ती मोडणारच, आणि मग आपण म्हणणार, ज्वारी वाईट.

मी पोळपाट बाजूला ठेवले. मनात आले, शाळेत आणि कचेरीत मी स्वतःशी हेच केले. स्वतःला दुसऱ्याच्या लाटण्याखाली घालत राहिलो आणि मोडलो की स्वतःलाच नावे ठेवत राहिलो.

सहाव्या भाकरीला गोल आकार आला. ती तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटून आचेवर धरली तेव्हा फुगली आणि पापुद्रा सुटला. मुलगी टाळ्या वाजवू लागली. मी मायला विचारले, "या मोडलेल्यांचं काय करू?" ती म्हणाली, "कोरड्यासात चुरून खा. भाकर काय फोटोत लावायचीय?"

माय खडी फोडत होती तेव्हा

भाकरी होईपर्यंत माय बोलत होती. १९७२ च्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. ज्वारी दिसेनाशी झाली होती. रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळायचा, तांबूस रंगाचा जोंधळा. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि घशातून उतरायची नाही. कामावर सुकडी वाटायचे. त्या काळात तिची आई हुलग्याचे माडगे करायची. हुलगे भाजून दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून शिजवायचे, मीठ आणि असला तर गुळाचा खडा. एका वाटी पिठात सहा माणसांच्या पोटाला ऊब यायची.

आमच्या घरातल्या एकेका पदार्थामागे असे काहीतरी आहे. खोबरे परवडत नव्हते म्हणून धान्य-डाळी भाजून, दळून येसर केला. चिमूटभर येसराने पातळ कालवण दाट व्हायचे, तेल नसले तरी चव यायची. भाजी विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून खुरपायला गेलेल्या बाया बांधावरची पाथरी, घोळ, तांदूळजा ओट्यात भरून आणायच्या. ताजी मासळी गावात येत नव्हती म्हणून आठवडी बाजारातून सुकट, बोंबील आणायचे. डब्यात कोरडे ठेवले की ते बरेच दिवस टिकायचे आणि हाती काही नसेल त्या दिवशी मूठभर सुकटीवर घर जेवायचे.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती, दूध-तूप नव्हते, त्या बायांनी डोक्याने शोधून काढलेले हे शास्त्र आहे. आपण त्याला गरिबांचे खाणे म्हणून हसतो. बी.कॉम.च्या पुस्तकात काटकसरीचा एवढा चांगला धडा मी वाचलेला नाही.

सोडायचे काय, ठेवायचे काय

हे सगळे मी विहारातल्या मासिक बैठकीत सांगितले तेव्हा एक ज्येष्ठ बांधव नाराज झाले. ते म्हणाले, "जुनी खाणी कशाला उकरून काढता? बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले." त्यांचा आक्षेप बरोबर जागी होता, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका आणि शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका असे बजावले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या महाड परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे बोलताना, असले मांस घरात शिजू देऊ नका, असे सांगितले. मायच्या आजीने ते सारे पाहिले होते. येसकरीची पाळी आली की घरोघर फिरून भाकरी मागायची. गावात जनावर मेले की ते ओढून न्यायचे, मांसाच्या चान्या करून दोरीवर वाळवायच्या. आपल्या माणसांनी ते सोडले. काहींनी उपाशी राहून सोडले, गावाचा बहिष्कार सोसून सोडले. तो आपला इतिहास आहे आणि त्याबद्दल आपल्याला अभिमानच वाटला पाहिजे.

पण बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले ते नीट बघा. गावाने आपल्यावर लादलेली लाचारी सोडायला सांगितली. स्वतःच्या मजुरीच्या पैशांतून आणलेली ज्वारी, आपल्या बाईने आपल्या चुलीवर थापलेली भाकरी, बाजारातून विकत घेतलेली सुकट, यात लाचारी कुठे आहे? जे आपण सोडले ते आपल्या विचाराने सोडले, आणि जे ठेवायचे तेही आपल्याच विचाराने ठेवायचे. दुसऱ्याने नाक मुरडले म्हणून सोडले तर ती पुन्हा लाचारीच झाली, फक्त तिचा वेष बदलला.

आणखी एक. आपल्यातही कोणी मांसाहार सोडलेला असतो, कोणी वजडी आवडीने खातो, कोणी फक्त उपोसथाला शाकाहार पाळतो. एकमेकांच्या ताटाकडे पाहून आपणच नाक मुरडू लागलो, तर शाळेतल्या त्या दोन मुलींना काय म्हणून नावे ठेवायची?

मराठवाड्यातले लेखक शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात महार-मांगांच्या घरातले खाणे लिहून ठेवले. ते २०१५ साली निघाले आणि २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही आले. आपल्या आया-आज्यांच्या चुलीवरचे अन्न पुस्तकात येण्याइतके मोलाचे आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

इकडे भाकरीलाही आता बरे दिवस आले आहेत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने पौष्टिक तृणधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. मोठ्या हॉटेलांत ज्वारीची भाकरी मिळते, डॉक्टर ती खायला सांगतात. आनंद आहे. पण हॉटेलाने मान दिला म्हणून मायची भाकरी मोठी झाली नाही. उद्या हॉटेलाची आवड बदलेल. तेव्हा आपण पुन्हा झाकण लावून बसायचे काय?

आणि मग डबा

मुलीला मी सुकट नेण्याचा आग्रह केला नाही. तेरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर चळवळीचे ओझे टाकणे बरोबर नाही. मी स्वतः नेली. एका सोमवारी कचेरीतल्या जेवणाच्या टेबलावर माझा डबा उघडला. छाती धडधडत होती हे खोटे कशाला सांगू? एक सहकारी काही न बोलता आपला डबा घेऊन खिडकीजवळ गेले. ते आजही तिथेच बसतात. दुसरे एक कोकणातले गृहस्थ. त्यांनी मान लांब करून विचारले, "सुकट आहे काय हो? आमच्याकडे पावसाळ्यात हीच असते." त्यांनी माझ्याकडून चमचाभर घेतली आणि मला आपल्या डब्यातला भात दिला. इतकी वर्षे आम्ही शेजारी बसलो, पण एकमेकांचा घास त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला.

घरी येऊन दोन्ही गोष्टी मुलीला सांगितल्या, खिडकीची आणि भाताचीही. ती काही बोलली नाही. तीन आठवड्यांनी एके सकाळी आजीला म्हणाली, "आज्जी, आज मला भाकरी दे. चटणी थोडीच दे." संध्याकाळी डबा रिकामा होता. मी विचारले, "काय झालं?" ती म्हणाली, "एक जण गेली उठून. एकीने मागून खाल्ली. बाकीच्यांनी बघितलंसुद्धा नाही."

मायने डबा हातात घेतला, बोटाने आतून पुसून पाहिला आणि हसली. बहुधा कुत्र्याची आठवण झाली असावी.

बंधू-भगिनींनो, थोडे सांगून संपवतो. या रविवारी आपल्या आईजवळ, आजीजवळ बसा. तिला एक पदार्थ विचारा आणि वहीत लिहून घ्या, कारण ती गेली की तो पदार्थही जाईल. मुलांना सांगा की या भाजीमागे कोणते कष्ट आहेत. मुलगा असो वा मुलगी, दोघांना भाकरी थापायला शिकवा. मी चाळिशी उलटल्यावर शिकलो, त्यांनी तेवढा उशीर करू नये.

आणि ज्यांना सुकटीची चटणी करायची आहे त्यांच्यासाठी मायची रीत: वाटीभर सुकट कोरड्या तव्यावर मंद आचेवर खमंग भाजावी. चाळणीत घोळून मिशा आणि रेती काढून टाकावी, मग दोन पाण्यांनी धुऊन घट्ट पिळावी. थोड्या तेलात ठेचलेला लसूण आणि बारीक चिरलेला कांदा परतावा. त्यात हळद, लाल तिखट आणि सुकट घालून पाच मिनिटे हलवावे. मीठ शेवटी, चव बघून घालावे, कारण सुकट मुळातच खारी असते. गरम भाकरीबरोबर वाढावी.

डब्यात नेली तरी चालते. फक्त झाकण बाजूला ठेवून जेवा. जय भीम.